झाड उतरवण्याचा हिशेब

मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत झाड काढायचं ठरलं की बोलणी फार लांबत नाहीत. "लाकूड आम्ही नेतो, तोडणीचं काही देऊ नका," असं कटरवाला म्हणतो. झाड मोठं आणि भिंतीला लागून असेल तर वर चार-पाच हजार मागतो. कमिटीला काम जवळपास फुकटात झाल्याचं समाधान आणि कटरवाल्याला टेम्पोभर माल, असा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्यात नेमकं काय विकलं जातंय, हे मात्र दोन्ही बाजूंनी कुणी पाहत नाही. चौथ्या मजल्याच्या उंचीवरचं काही टन वजन, खाली गाड्या, वायरी, पत्रे आणि माणसं असताना, कुणाला इजा न होता जमिनीवर आणणं हे ते काम आहे. लाकूड हा त्यातला उरलेला भाग. ज्या धंद्याचा भाव या उरलेल्या भागावर ठरतो, त्यात यंत्रं चुकीच्या क्रमाने घेतली जातात, माणसं जायबंदी होतात आणि छाटून भागलं असतं तिथे अख्खं झाड जातं. भाव जोखमीवर ठरवला तर दोर कुठला घ्यायचा इथपासून कुठलं काम नाकारायचं इथपर्यंतचे सगळे निर्णय बदलतात. हा धंदा सुधारायचा तर सुरुवात यंत्रापासून न करता दरपत्रकापासून करायला हवी, असं माझं म्हणणं आहे आणि ते आकड्यांवर तपासून पाहता येतं.

लाकडावर भाव ठरण्यामागे एके काळी कारण होतं. शहरातल्या वखारी, बेकऱ्या, भट्ट्या आणि स्मशानभूमी यांना जळणाचा सतत पुरवठा लागायचा. सागवान, शिसव, फणस, आंबा असं झाड निघालं तर आरागिरणीत त्याला वेगळी किंमत होती. पण शहरात आज जी मोठी झाडं धोकादायक ठरतात ती बहुतेक पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ यांच्यापैकी असतात. मुंबई महापालिकेच्या वृक्षगणनेत शहरात 29 लाख 75 हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली, आणि रस्त्याकडेच्या सावलीचा मोठा भार या लवकर वाढणाऱ्या, बाहेरून आणलेल्या जातींवर आहे. त्यांच्या लाकडाला फर्निचरचा भाव मिळत नाही. शिवाय शहरी बुंध्यात वर्षानुवर्षं ठोकलेले खिळे, पाट्यांच्या तारा, गिळलेली लोखंडी जाळी असते. आरागिरणीवाला असा ओंडका पात्यावर घ्यायला धजत नाही. उरतं जळण. त्यात जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच आहे, पण त्यामुळे शहरी जळणाचं एक जुनं गिऱ्हाईक बाजारातून जायला लागलं. म्हणजे ज्या मालाच्या भरवशावर फुकट तोडणी परवडत होती, त्या मालाचा उठाव कमी होत चालला आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा, सोसायटीच्या आवारातला एक मध्यम पर्जन्यवृक्ष तीन दिवसांत तुकड्यातुकड्याने उतरवायचा आहे. वर चढणाऱ्याला दिवसाला 2,000, खाली कटर चालवणाऱ्याला 1,200 आणि तीन मदतनिसांना प्रत्येकी 800 धरले तर रोजची मजुरी 5,600, तीन दिवसांची 16,800. टेम्पोच्या सहा फेऱ्या 2,500 प्रमाणे 15,000. पेट्रोल, ऑइल, चेन यांचे 3,000. दोर, पट्टे, कटर यांचा घसारा आणि विम्याचा वाटा मिळून 4,000. एकूण 38,800. झाडातून सहा टन विकण्याजोगं जळण निघालं आणि किलोला 3 रुपये मिळाले तर हाती 18,000 येतात. तूट 20,800 रुपयांची. भाव दीड रुपयावर आला तर तूट जवळजवळ 30,000. ही तूट भरून निघते कशी? मजुरीत कपात फारशी करता येत नाही, कारण चांगला चढणारा कमी पैशात येत नाही. मग खालचे तीन मदतनीस एकावर येतात, म्हणजे रस्त्यावर माणसं थांबवायला कुणी उरत नाही. तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकायचं म्हणून फांद्या मोठ्या तुकड्यांत सोडल्या जातात. विम्याचा प्रश्नच येत नाही. पाला तिथेच पडून राहतो आणि महापालिकेच्या गाडीची वाट पाहत कुजतो. फुकट तोडणीची किंमत अशी कुणीतरी मोजतच असतो, फक्त ती बिलावर दिसत नाही.

मोठे तुकडे सोडणं म्हणजे नेमकं काय होतं, ते जवळून पाहायला हवं, कारण या धंद्यातले बहुतेक निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतात. 40 सेंटिमीटर जाडीची आणि चार मीटर लांबीची फांदी म्हणजे साधारण अर्धा घनमीटर लाकूड. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला 800 ते 1,000 किलो धरलं तर ही एक फांदी 400 ते 500 किलोंची झाली. ती वरच्या दुबेळक्यातून दोर नेऊन बांधली, कापली आणि दोराने झेलण्याआधी दोन मीटर खाली आली असं समजा. दोर आणि दोर धरणारा मिळून तिला पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये थांबवतात. पदार्थविज्ञानाचा साधा नियम लावला तर त्या अर्ध्या मीटरमध्ये दोरावर पडणारा सरासरी ताण फांदीच्या वजनाच्या पाचपट येतो, म्हणजे दोन टनांहून जास्त. क्षणिक कमाल ताण त्याहूनही वर जातो. गोष्ट इथेच संपत नाही. वर कप्पी लावली असेल तर दोराचे दोन्ही पदर तिला खाली ओढतात, म्हणून घर्षण सोडलं तर कप्पी ज्या फांदीला बांधली तिच्यावर जवळपास दुप्पट भार येतो, साडेचार टनांच्या आसपास. आणि त्याच खोडाला कमरेचा पट्टा अडकवून चढणारा माणूस उभा असतो. खोड आतून पोकळ असेल, ढोली असेल, बुरशीने पोखरलेलं असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

आता तीच फांदी एक-एक मीटरच्या चार तुकड्यांत कापली तर प्रत्येक तुकडा सव्वाशे किलोंच्या आतबाहेर येतो. दोर एकदम न आवळता बुंध्याला वेढे देऊन किंवा लोखंडी ब्रेकवरून सरकत सोडला, तर थांबण्याचं अंतर अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर जातं आणि पाचपट ताण दुपटीवर येतो. दोन्ही उपाय एकत्र केले तर साडेचार टनांचा भार अर्ध्या टनावर उतरतो. त्यासाठी लागतो वेळ, आणि वेळ म्हणजे मजुरी. वेळ विकत घ्यायची ऐपत लाकडाच्या भावात नाही, ती फक्त जोखमीच्या भावात आहे. म्हणूनच मी म्हणतो की नवीन कंपनी काढणाऱ्याने पहिला मोठा खर्च दोरांवर करावा. हार्डवेअरच्या दुकानातला किलोवर मिळणारा नायलॉनचा दोर माल बांधायला ठीक असतो. त्याची ताकद नवा असताना, सरळ ओढून मोजलेली असते. गाठ मारली, उन्हात वर्षभर राहिला, खडबडीत सालीवर घासला की ती बरीच घटते, आणि किती घटली हे डोळ्यांना दिसत नाही. चढणाऱ्याचा दोर वेगळा आणि माल उतरवायचा दोर वेगळा, हा नियम या धंद्यात पाळलाच पाहिजे. ज्या दोराने एकदा जबर झटका खाल्ला तो माणसाच्या अंगाला पुन्हा लावायचा नाही. दोन चांगले दोर, कप्पी, ब्रेक, चढणाऱ्यासाठी अंगभर बसणारा पट्टा आणि त्याला दुसरा आधाराचा दोर, एवढं साहित्य एका मोठ्या कटरच्या आसपासच्या खर्चात बसतं. तरीही बहुतेक ठिकाणी कटर दोन असतात आणि धड दोर एकही नसतो.

कटरबद्दलही गैरसमज खूप आहेत. मोठं इंजिन घेतलं की काम लवकर होतं, अशी समजूत आहे. जमिनीवर बुंधा कापायला सत्तर सीसीचं, सहा किलोंच्या वर वजनाचं यंत्र उपयोगी आहे, यात शंका नाही. पण झाडावरचं नव्वद टक्के काम लहान फांद्यांचं असतं, आणि तिथे तीस-पस्तीस सीसीचं हलकं यंत्र जास्त सुरक्षित असतं. चेन सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने फिरते. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की यंत्र उलटं उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. हा झटका माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असतो, म्हणून चेनब्रेक चालू स्थितीत असणं ही सोय न मानता अट मानायला हवी. शिडीवर उभं राहून, खांद्याच्या वर, एका हाताने मोठा कटर चालवण्याचं दृश्य आपल्याकडे रोजचं आहे. त्यात तीन चुका एकाच वेळी होतात. बाजारात सात-आठ हजारांत मिळणारे बिनानावाचे कटर आणि नावाजलेल्या कंपन्यांचे कित्येक पटींनी महाग कटर यांतला फरक मुख्यतः इथे आहे : ब्रेकचा भरवसा, कंप शोषणारी रबरं आणि सुटे भाग वेळेवर मिळण्याची खात्री. दिवसभर कंप सोसणाऱ्या हाताची बोटं काही वर्षांत बधिर व्हायला लागतात. त्याचा हिशेब खरेदीच्या पावतीत नसतो.

धार हा विषय त्याहून दुर्लक्षित आहे. चेन धारदार असली की ढलप्या उडतात. बोथट झाली की पिठासारखा भुस्सा पडतो, बार तापतो आणि चालवणारा यंत्रावर जोर द्यायला लागतो. जोर दिला की तोल जातो. दर टाकीला एकदा कानस फिरवणं, चेनच्या पिचप्रमाणे योग्य जाडीची कानस वापरणं, दातापुढची खोलीची पट्टी अधूनमधून घासून बरोबर ठेवणं, ही कामं पंधरा मिनिटांची आहेत. ज्या टोळीत प्रत्येकाला कानस चालवता येते ती टोळी महिन्याला निम्म्या चेन वाचवते, असं म्हणण्यापेक्षा ती टोळी संध्याकाळी कमी दमते हे जास्त खरं आहे, आणि अपघात संध्याकाळी दमलेल्या माणसांनाच होतात. मांडीवर बांधायचं चेनसॉचं संरक्षक वस्त्र आपल्याकडे जवळपास कुणी वापरत नाही. त्यात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन जागीच थांबते. उकाड्यात अख्खी पँट घालवत नाही, हे मान्य, पण फक्त पुढून बांधायचे पट्टे मिळतात आणि तेवढ्याने मांडीची मोठी रक्तवाहिनी वाचते.

मोठ्या यंत्रांचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. हायड्रा क्रेन, बूम लिफ्ट, ट्रकवर बसवलेली हायड्रॉलिक शिडी यांमुळे काम खूप सोपं होतं, आणि पोकळ झाडावर तर माणूस चढवण्याऐवजी यंत्रच लावलं पाहिजे. पण विकत घ्यायचं की भाड्याने, हा निर्णय उत्साहाच्या भरात घेतला जातो. समजा, एक जुनी क्रेन 25 लाखांना मिळाली. व्याज आणि घसारा मिळून वर्षाला पाच लाख, चालकाचा पगार, विमा, दुरुस्ती आणि उभी करायच्या जागेचं भाडं मिळून साडेतीन लाख. एकूण साडेआठ लाख. तेच यंत्र दिवसाला 8,000 रुपयांनी भाड्याने मिळत असेल तर वर्षात 106 दिवस वापरलं तरच विकत घेतलेलं परवडतं. आपल्याकडे या धंद्याचा हंगाम एप्रिल ते जुलै असतो. त्या चार महिन्यांत प्रत्येक दिवस क्रेनचा असेल असं नाही, कारण जुन्या चाळींच्या बोळात आणि सोसायट्यांच्या मागच्या अंगणात क्रेन पोचतच नाही. त्यामुळे चार-पाच टोळ्यांची कंपनी होईपर्यंत भाडं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पाला आणि बारीक फांद्या जागेवरच बारीक करणारं चिपर यंत्र मात्र माझ्या मते लवकर घ्यावं. वरच्या हिशेबात टेम्पोच्या सहा फेऱ्यांचे 15,000 म्हणजे खर्चातला दुसरा मोठा आकडा होता. पाल्याचं आकारमान चिपरने कित्येक पटींनी घटतं, फेऱ्या निम्म्यावर येतात, आणि निघालेला भुगा सोसायटीच्या कंपोस्टला किंवा ब्रिकेट बनवणाऱ्या कारखान्याला जातो. बेकऱ्यांचं गिऱ्हाईक सुटल्यावर लाकडाला वाट काढून देणारं यंत्र हेच आहे.

कागदपत्रांकडे धंदेवाले कटकट म्हणून पाहतात. मी त्यांना भांडवल मानतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 मध्ये झाला. त्यानुसार महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते खासगी जागेत का असेना. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. चाळीस वर्षांचं झाड काढायचं तर चाळीस रोपं लावून जगवायची, ही आता मालकाची जबाबदारी आहे. याचा अर्थ झाड काढण्याची किंमत वाढली आणि ते सांभाळून ठेवण्याच्या कामाला बाजार तयार झाला. जो ठेकेदार अर्ज नीट भरतो, झाडाचा घेर, उंची, फोटो, रोगाची लक्षणं लिहून देतो आणि छाटणी पुरेशी असेल तर तसं सांगतो, त्याच्याकडे सोसायटी पुन्हा येते. लाकूड वाहून नेताना जातीनुसार वन खात्याचा पास लागतो, तोही याच कागदांत येतो. पक्ष्यांचं भान हेही धंद्याचंच काम आहे. सप्टेंबर 2022 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या कामात घरट्यांसह झाड पाडलं गेलं, बगळ्यांची पिल्लं मेली आणि वन्यजीव कायद्याखाली अटका झाल्या. तोच 1972 चा कायदा महाराष्ट्राला लागू आहे, आणि आपल्याकडे पर्जन्यवृक्षांवर बगळे, रातबगळे घरटी बांधतात ती नेमकी पावसाळ्यात.

विम्याचा मुद्दा सर्वांत जास्त टाळला जातो, म्हणून तो आकड्यात सांगतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 चा, तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता. ताडामाडाची छेदणी आणि झाडतोड करणारे कामगार त्याच्या परिशिष्टात नाव घेऊन नोंदलेले होते, म्हणजे कायदेकर्त्यांनाही हे काम जोखमीचं आहे हे माहीत होतं. कामावर मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरवलेल्या गुणकाने गुणायचं, असं त्यात सूत्र होतं. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 होता. हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून महिना 15,000 रुपये धरली जात होती. गुणाकार केला तर 15,59,850 रुपये होतात. मृताच्या घरच्यांना अशी भरपाई देण्याचं दायित्व मालकावर असतं. विमा नसेल तर छोटा ठेकेदार यात कायमचा बुडतो, आणि बहुतेक वेळा तो बुडण्याआधी पसार होतो, म्हणजे घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही. रोजंदारीवर नाक्यावरून उचललेला माणूस आपला कर्मचारी नाही, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा वकिलाशी बोलावं. कामगारांचा विमा आणि त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचा, मालमत्तेचा विमा, या दोन पॉलिसी पहिल्या कामाआधी हव्यात. नारळ विकास मंडळाने माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा ही अपघात विमा योजना आणली, त्यामागे हाच विचार होता. शहरात गुलमोहरावर चढणाऱ्याला तसं छत्र नाही, ते त्याच्या मालकालाच उभं करावं लागतं.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे : लोक एवढे पैसे देणार नाहीत. शेजारचा फुकटात करून देत असताना 45,000 चं दरपत्रक कोण स्वीकारेल? आक्षेप खरा आहे, आणि दरपत्रक एकाच आकड्यात दिलं तर ते नाकारलंही जाईल. पण ते फोडून दाखवता येतं. झाड किती वजनाचं, खाली काय आहे, कुठल्या बाजूला माणसं राहतात, किती तुकड्यांत उतरवणार, लाकडाची किंमत वजा जाता किती द्यायचे, विम्याची प्रत सोबत. जुलै 2017 मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. त्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. 5 ऑगस्ट 2020 ला कुलाब्यात ताशी 106 किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला आणि दक्षिण मुंबईत झाडांचा खच पडला. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातल्या माड-पोफळीच्या बागा झोपवल्या, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. सोसायट्यांच्या कमिट्यांना धोका समजावून सांगावा लागत नाही. त्यांना समजावून सांगावं लागतं ते एवढंच, की फुकट काम करणारा तो धोका त्यांच्याच आवारात ठेवून जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दोर, पट्टे, विमा, प्रशिक्षण यांच्या अटी घातल्या तर हा धंदा पैसेवाल्यांच्या हाती जाईल आणि पिढ्यान्‌पिढ्या झाडावर चढणाऱ्यांची रोजी बुडेल, असं म्हटलं जातं. मला यातली काळजी पटते, निष्कर्ष पटत नाही. या कामातलं सर्वांत दुर्मीळ कौशल्य चढणाऱ्याकडेच आहे. कोकण-गोव्यातला पाडेली माडाच्या खोडाला पाय लावताच ते ठीक आहे की किडकं, हे ओळखतो. कुठलीही बूम लिफ्ट ते ओळखत नाही. आजच्या व्यवहारात या कौशल्याला दिवसाची मजुरी मिळते आणि नफा लाकूड विकणाऱ्याकडे जातो. भाव जोखमीवर ठरला तर जोखीम उचलणाऱ्याचा वाटा वाढायला जागा होते. सुरुवातीचं साहित्य एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्यावं, आळीपाळीने वापरावं. क्रेन तर भाड्याचीच असणार आहे. अडचण पैशांची जितकी आहे त्याहून सवयीची जास्त आहे. वीस वर्षं पट्ट्याशिवाय चढलेल्या माणसाला पट्टा अपमानासारखा वाटतो. ती सवय मुकादमाच्या हट्टानेच मोडते.

तिसरं म्हणणं निसर्गप्रेमींचं असतं : झाडं तोडणारा धंदा आणखी सुव्यवस्थित झाला तर झाडं आणखी तुटतील. इथे मला उलटं दिसतं. आज बुंधा विकून भागवणाऱ्याला झाड वाचवण्यात काहीच फायदा नाही. छाटणीत जाड लाकूड निघत नाही, म्हणून छाटणीचं काम तो टाळतो, किंवा करतो तेव्हा शेंडा उडवून जाड फांद्या नेतो. शेंडा उडवलेल्या झाडाला कापलेल्या टोकापासून झुपक्यांनी फुटवे येतात, ते खोडात खोल रुजलेले नसतात, आणि चार-पाच वर्षांनी तेच वाऱ्यात तुटून पडतात. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालून कूज आत कोंडून ठेवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. तिच्या बाहेरून काप घेतला तर या भिंती शाबूत राहतात. खोडाला चिकटून सपाट कापलं तर त्या तुटतात आणि कूज खोडात शिरते. आपल्याकडच्या छाटणीत सपाट काप आणि हातभर लांबीचे खुंट दोन्ही सर्रास दिसतात. जड फांदी आधी खालून थोडी, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी वळीच्या बाहेर असे तीन काप घेतले तर सालही सोलली जात नाही. हे शिकायला एक दिवस पुरतो. ज्या कंपनीला तासाचे आणि जोखमीचे पैसे मिळतात तिला हे शिकण्यात फायदा आहे, कारण तेच झाड दर दोन-तीन वर्षांनी काम देतं. तोडलेलं झाड एकदाच बिल देतं.

मुळांकडे पाहणं हाही याच कामाचा भाग मानायला हवा. शहरात उन्मळून पडलेल्या झाडाच्या तळाशी वाकून पाहिलं तर बऱ्याचदा एका बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली दिसतात. केबल किंवा पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या चराची ती खूण. बुंध्यापर्यंत ओतलेल्या काँक्रीटने उरलेली मुळं गुदमरतात. छाटणीचं दरपत्रक देणाऱ्याने आधी दहा मिनिटं बुंध्याभोवती फिरून, लाकडी हातोडीने खोड वाजवून, मातीला उभी भेग गेली आहे का, पायथ्याशी बुरशीची छत्री आली आहे का, हे पाहून लेखी नोंद दिली, तर त्या नोंदीचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही. चांगल्या कंपनीचं सर्वांत कमी भांडवलाचं आणि सर्वांत टिकाऊ उत्पन्न हेच आहे.

महापालिका आणि मोठ्या सोसायट्यांच्या निविदा मात्र अजून झाडामागे सर्वांत कमी दर याच एका आकड्यावर उघडतात. घेराच्या तीन-चार पायऱ्या असतात, बाकी सगळी झाडं सारखी. मोकळ्या मैदानातला बारा मीटरचा सोनमोहर आणि विजेच्या तारांखालचा, शाळेच्या कुंपणाला टेकलेला बारा मीटरचा सोनमोहर यांना एकच दर मिळत असेल, तर दुसऱ्यावर बेफिकीर माणूसच बोली लावेल. निविदेत तीन रकाने वाढवले तरी खूप फरक पडेल : झाडाखाली काय आहे, कुठल्या पद्धतीने उतरवणार, आणि विजेच्या कंपनीकडून लाइन बंद करून घेण्याची जबाबदारी कुणाची. लाकूड ठेक्यातून वेगळं काढून वजनकाट्याच्या पावतीवर सोसायटीने स्वतः विकावं, म्हणजे झाड जास्त तोडण्यात ठेकेदाराचा रस उरणार नाही. आणि छाटणीची कामं मे महिन्याच्या धांदलीत न देता नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावीत. तेव्हा बगळ्यांची घरटी रिकामी असतात, खोड कोरडं असल्याने पाय घसरत नाही, क्रेन कमी भाड्यात मिळते, आणि चांगला चढणारा माणूस कामाच्या शोधात असतो.